हापशाचं पाणी आणि माझं खरं बोलणं

मित्रांनो, मी एक जुनी पाणी तपासायची पेटी आहे. माझ्या पोटात बारा काचनळ्या, औषधाच्या तीन बाटल्या आणि रंगांचा एक तक्ता. पाण्यात थेंब टाकले, की ते जितकं खराब तितकं लाल होतं. मला खोटं बोलता येत नाही, आणि याचा मला फार तोरा होता.

माझं अर्धं आयुष्य एका कॉलेजच्या कपाटात गेलं. विद्यार्थी वर्षातून एकदा मला काढत, कॉलेजच्याच नळाचं पाणी तपासत आणि ‘शुद्ध’ लिहून मोकळे होत. मग पर्यावरण शिक्षण शिकणारी एक ताई आली. घाण नेहमी गरिबांच्याच वाट्याला का येते, हा तिचा अभ्यासाचा विषय. तिने मला उचललं ते थेट कातड्याच्या कारखान्यामागच्या वस्तीत नेलं.

वस्तीत एकच हापसा. ताईने तिथल्या मुलांना पाणी तपासायला शिकवलं. इस्त्रीवाल्या मावशींची लेक तर अशी तरबेज झाली, की थेंब मोजताना तिचा हात जरासुद्धा हलत नसे. हापशाचं पाणी लालभडक झालं तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. कारखान्याची चोरी पकडली, असं सगळ्यांना वाटलं. मीही फुशारले.

कारखान्याचं सांडपाणी वाहणाऱ्या नाल्यापाशी पहारेकरी कुणाला फिरकू देत नव्हता. म्हणून ताईने सरकारी कचेरीला पाठवलेल्या अहवालाला फक्त हापशाच्या पाण्याचा नमुना जोडला. तिथेच माशी शिंकली. कागदावर गुन्हेगार ठरला तो हापसा. आठवड्याभरात सरकारी माणसं आली आणि त्याचा दांडा काढून घेऊन गेली. कारखाना सुरूच राहिला.

ताई धावत वस्तीत गेली. मावशी इस्त्री फिरवत म्हणाल्या, “पाणी खराब आहे हे आम्हाला ठाऊकच होतं गं.”

“मी चांगल्यासाठीच केलं, मावशी.”

“केलंस ना. आता लांबच्या टाकीवरून पाणी आणण्यापायी पोरीची शाळा सुटली, ती कोण भरून देणार?”

ताईने पुढे कितीतरी अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. तिच्या अभ्यासाला मात्र पहिला वर्ग मिळाला, आणि त्या दिवशी ती कपाटापाशी येऊन रडली. माझी औषधं आता सुकली आहेत.

मित्रांनो, माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही. मला कुणाच्या दारी नेण्याआधी एवढंच ठरवा, की खरं निघालं तर ते कुणाला भोवेल. आम्ही ते ठरवलं नव्हतं. आता मावशींच्या लेकीच्या शाळेत विज्ञानाच्या तासाची घंटा झाली असेल, आणि ती पोर टाकीपुढच्या रांगेत उभी असेल.