किरणांच्या खोलीतले बिनहाताचे काका

मित्रांनो, मी जुना आहे आणि प्लास्टिकचा आहे. डोक्यापासून कमरेपर्यंत माणूस, पुढे काही नाही. हातही नाहीत. कारखान्यात मला काप काप करून घडवलं. आत हाडांसारखी हाडं आणि फुप्फुसांसारखी फुप्फुसं भरली. प्रत्येक कापात बारीक भोकं ठेवली. त्यांत मण्याएवढे मापक बसवतात. मग माझ्यावर किरण सोडले की कुठे किती पोचले ते कळतं.

मी राहतो त्या खोलीत कर्करोगावर किरणांनी उपचार होतात. किरण कुठून आणि किती सोडायचे, याचा आराखडा आधी कॉम्प्युटरवर आखतात. रोगाची जागा सुटता कामा नये आणि हृदय, फुप्फुस भाजता कामा नये. हे काम शिकणाऱ्यांचा हात माझ्यावरच बसायचा. कुणी माझं हृदय भाजलं, कुणी डाव्याच्या जागी उजवं धरलं. मी कुरकुर केली नाही. म्हणून सगळे मला काका म्हणू लागले.

पुढे कॉम्प्युटर हुशार झाले आणि मी कपाटावर धूळ खात बसलो. एका नव्या विद्यार्थिनीने मला खाली काढलं, पुसलं. ती आधी जमिनी मोजायची, म्हणून तिला सगळे 'मोजणी' म्हणत. शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. खऱ्या रुग्णाचा पहिला आराखडा त्यांनी तिला दिला. तो जमला तरच पुढचे रुग्ण मिळणार होते.

रुग्ण म्हणजे पाळणाघर चालवणाऱ्या मावशी. त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं. जखम भरायला वेळ लागला होता आणि आता आणखी थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उपचार सुरू व्हायचे होते.

मोजणीने आराखडा माझ्यावर चालवून पाहिला. किरण सोडणाऱ्या यंत्राचं डोकं माझ्याभोवती कुठेही न अडता फिरलं. आकडेही चोख आले. बाई चक्क हसल्या.

दुपारी मावशी खोली बघायला आल्या. भीती जावी म्हणून रुग्णांना आधी खोली दाखवतात. मला बघून त्या म्हणाल्या, "यांचं बरंय हो. उपचाराला हात डोक्यावर धरून झोपायची कटकटच नाही. माझं हे कोपर बघा, वर न्यायला गेलं की असं आडवंच राहतं. केस विंचरताना आरशावर आपटतं."

सगळे हसले. मोजणी हसली नाही. आराखड्यासाठी काढलेल्या स्कॅनच्या चित्रात मावशींचं कोपर चौकटीबाहेर राहिलं होतं, आणि मला तर हातच नाहीत. कॉम्प्युटरला ते कोपर कळणार कसं?

मावशी गेल्यावर ती स्वतः टेबलावर झोपली. कोपर मावशींसारखं आडवं ठेवलं आणि किरण बंद ठेवून यंत्र हळू फिरवायला सांगितलं. यंत्राचं डोकं फिरत फिरत थेट तिच्या कोपराशी आलं.

"थांबवा," ती म्हणाली. मग बाईंकडे बघून म्हणाली, "या आराखड्याने यंत्र मावशींच्या कोपरावर आपटेल. मला तो मोडून पुन्हा आखू द्या."

बाईंनी संध्याकाळपर्यंत वेळ दिला. नाही जमला तर मीच करीन, असंही सांगितलं.

तिने यंत्राची वाट बदलली, तर फुप्फुसाला जास्त किरण लागले. ते कमी केले, तर रोगाची कडा सुटली. पुसून पुसून तिने तो पुन्हा आखला. शेवटी बाईंनी आणि डॉक्टरांनी तो नीट तपासला.

"पहिल्याइतका देखणा नाही," बाई म्हणाल्या, "पण हा मावशींना बसतो."

सकाळी मावशी टेबलावर झोपल्या. यंत्र त्यांच्या कोपराला वळसा घालून निघून गेलं. त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "झालं? मी तर पोरांना संध्याकाळी येते म्हणून सांगून आले."

बाईंनी पुढच्या रुग्णाचे कागद मोजणीपुढे सरकवले. तिने ते उचलले, पण कॉम्प्युटरकडे गेली नाही. बाहेर बाकावर कोण बसलंय ते बघायला गेली.

मित्रांनो, माझ्यावर खुशाल शिका. चुकलात तरी माझं काही बिघडत नाही. पण काकांवर जमलं म्हणजे माणसावर जमलं, असं समजू नका. ज्याच्यासाठी आखायचं, त्याला आधी भेटून या.