डाव्या खांबावरचा दिवा

आंबवड्याच्या यात्रेतला कार्यक्रम संध्याकाळी सातला होता. पाच वाजले, तसा संजीवनीचा जीव थाऱ्यावर राहीना. भोरहून टेम्पोनं आणलेले बारा मूव्हिंग हेड, म्हणजे मुंडी फिरवणारे दिवे, चढवून झाले होते. आठ स्टेजवरच्या ट्रसला, म्हणजे आडव्या लोखंडी सांगाड्याला, उलटे टांगलेले, चार दोन्ही बाजूंच्या खांबांवर आडवे. आडव्याचा हट्ट यात्रा कमिटीच्या अमृतचा. त्यानं मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला होता.

दिवे चढवले होते रतनकाकांनी. ते तिच्या वडिलांचे मित्र; बावीस वर्षं मांडवांत दिवे लावण्यात गेलेली. पुण्यात दिव्यांचं काम शिकून ती भोरला परतली, तेव्हा आपणहून तिच्या जोडीला आलेले पहिले तेच. शिडीवर चढून त्यांचं काम तपासणं तिला जड गेलं. खालूनच बघून तिनं मान हलवली होती. तेच आता टोचत होतं.

स्टेजवर शाळेच्या मुली नाचाचा सराव करत होत्या. संजीवनीनं समोरच्या, दिवे चालवायच्या कन्सोलवरून दिवे फिरवून पाहिले. टांगलेले निमूट फिरले. डाव्या खांबावरच्या वरच्या दिव्यानं मुंडी गर्रकन वळवली आणि त्याचं बूड किंचित हललं. तिचा हात थांबला.

"पोरींनो, खाली उतरा. सगळ्या. त्या झाडाखाली जाऊन बसा."

अमृत लगबगीनं आला. "काय झालं? सात वाजता पाव्हणे येत्यात."

"बघितल्याशिवाय सांगता येणार नाही," ती म्हणाली आणि दिव्याची वायर काढायला गेली.

रतनकाकांनी शिडी लावली. "मी चढतो."

"नको काका. तुम्ही धरा फक्त."

"म्या आवळलंय ते. माझ्या हातानं."

ती वर गेली. खांबाला पकडणारे दोन्ही क्लॅम्प घट्ट होते. पण दिवा ज्या पट्टीवर बसतो, तिची दोन लॉकं. एक पूर्ण वळलेलं, दुसरं अर्धंच. टांगलेला दिवा सरळ खाली ओढतो. आडवा एका बाजूला ओढतो, आणि मुंडीच्या प्रत्येक झटक्यानिशी ते अर्धं लॉक आणखी सैल होत होतं. तिनं सेफ्टीची तार चाचपली. तार खांबाभोवती होती, पण तिचा हूक दिव्याच्या कडीत नव्हता, पट्टीत होता. दिवा पट्टीतून निसटला असता, तर तारेनं नुसती पट्टी धरून ठेवली असती. वीस किलोंचा दिवा मुलींमध्ये आला असता.

तिनं आधी हूक कडीत घातला, मग दोरी बांधून दिवा खाली सोडला.

खाली काका त्या लॉकावरून बोट फिरवत राहिले.

"पुरतं वळलं की खट व्हतं," ते हळू आवाजात म्हणाले. "पयलं ते बोटातनं कळायचं. दिवाळीपासनं बोटं बधिर झाल्यात. तुला सांगितलं न्हाई."

संजीवनीला राग आला होता, पण तो कुणावर काढावा कळेना. "मी वर चढून बघायला हवं होतं," ती म्हणाली. "तुमचा मान राखायला गेले मी."

तिनं अमृतला बोलावलं. "खांबावरचे चारही काढतेय. स्टेजच्या मागच्या कडेला फळीवर उभे ठेवते, पडद्यापासून लांब. तिथं दोरी बांधा, कुणी जवळ जाता कामा नये. वरचे आठही परत बघणार. तोवर स्टेजवर पाऊल नाही."

"मग लोकांनी बोंब मारली तर?"

"माझं नाव सांगा."

ती ट्रसखाली शिडी सरकवत एकेक दिवा तपासू लागली. काका खालून विचारत होते.

"लॉक?"

"दोन्ही."

"तार?"

"ट्रसवरून. हूक कडीत."

पाचव्या दिव्याशी ती म्हणाली, "एकच." तिथंही एक लॉक अर्धं होतं. काकांनी मान खाली घातली. तिनं ते वळवलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि मग सांगितलं, "आता दोन्ही."

कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला. लोकांनी थोड्या शिट्ट्या मारल्या, मग मुली आल्या आणि ते विसरले. संजीवनीनं नाच पाहिलाच नाही. बोटं कन्सोलवर, नजर वर. प्रत्येक मुंडी वळली की दिव्याचं बूड हलतंय का, ते ती बघायची.

काका शेजारी येऊन बसले. बराच वेळ हात चोळत राहिले.

"उद्या भोरला डॉक्टरला दावतो," ते म्हणाले. "येशील संगं?"

"येते," ती म्हणाली. नजर वरून हलवली नाही.