एतेल्काची तंग विजार

एतेल्काचा नवरा गेर्गेय वारला आणि मागे त्याची घोडी राहिली, सिक्रा. तबेल्यात नुसती उभी राहून तिचे पाय सुजायला लागले. "हिला रोज फिरवा, नाहीतर विकून टाका," गुरांचे डॉक्टर म्हणाले. विकायला एतेल्का तयार नव्हती. जन्मभर तिने घोड्यांचं दाणापाणी केलं, लीद उपसली, पण पाठीवर कधी बसली नव्हती. ते बायकांचं काम नाही, असं गेर्गेयचं म्हणणं. आता साठीला टेकल्यावर तिने घोड्यावर बसायचं मनावर घेतलं.

गावाबाहेर रेका नावाची पोर घोडेस्वारी शिकवायची. पहिल्या दिवशी एतेल्का गेली ती नवऱ्याचे गुडघ्यापर्यंतचे बूट घालून. ते मोठे होत होते म्हणून पुढे लोकर कोंबलेली. अंगात जाड जीन्स, वर ढगळ कोट आणि गळ्यात घरी विणलेला लांबलचक मफलर.

रेकाने तिच्याकडे आपादमस्तक पाहिलं. "मावशी, मफलर कशाततरी अडकेल, तो काढा. आणि हे बूट चालायचे नाहीत."

"का गं? माझा नवरा आयुष्यभर याच बुटांत घोड्यावर बसला!"

"त्यांच्या मापाचे होते ना! बरं, घाला पाय रिकिबीत."

रुंद बूट रिकिबीत कसाबसा शिरला आणि तिथेच रुतला. एतेल्काने हिसका दिला, झटका दिला; पाय काही सुटेना. शेवटी रेकाने खाली बसून, पिळून पिळून तो बाहेर काढला.

"घोडा उभा असताना ही तऱ्हा. तुम्ही पडलात आणि तो उधळला, तर फरफटत नेईल."

एतेल्काला ते कळलं, पण राग काही गिळवेना. दर शनिवारी तिने हे बूट चकचकीत केले होते. ती तडक घरी आली.

स्वयंपाकघरात तिची थोरली नणंद बोर्बाला पोगाचाचे खारे पाव भाजत होती. "एवढ्यात आलीस? घोड्यानेच नको म्हटलं वाटतं!"

"वन्सं, उगाच डिवचू नका. बूट बसत नाहीत म्हणे."

"माझ्या भावाचे पाय म्हणजे होड्या! तुझे कुठे, त्याचे कुठे? चल उद्या शहरात. मी येते."

"तुम्ही कशाला?"

"तुला त्या घोडेस्वारांच्या तंग विजारीत बघायला."

केचकेमेत शहरातल्या दुकानात विक्रेतीने आधी बूट काढले. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, सपाट तळव्याचे, पण टाच थोडी उंच, म्हणजे पाय रिकिबीतून पार जात नाही. ते पायात असे बसले की एतेल्का पुन्हा पुन्हा खाली पाहत राहिली. हेल्मेटचं मात्र जमेना. डोक्यावरच्या तिच्या अंबाड्यावर ते टोपलीसारखं डुगडुगत होतं.

"अंबाडा सोडा काकू, मानेवर वेणी घाला," विक्रेती म्हणाली. लग्नापासून एतेल्काने अंबाडा हलवला नव्हता. बोर्बालाने विचारलंसुद्धा नाही. सरळ आकडे उपसले आणि तिथेच वेणी घातली. मग एतेल्काने मान झटकून पाहिली. हेल्मेट जागचं हललं नाही.

विजार घालून ती आरशापुढे आली आणि तिने दोन्ही हात मागे नेले. "अगं बाई! या अवतारात मी गावात कशी फिरू?"

"फीर खुशाल. लोकांना तरी कळू दे माझ्या भावाने काय पाहिलं होतं ते," बोर्बाला म्हणाली. विक्रेतीला हसू आवरेना.

दुकानातल्या लाकडी खोगिरावर बसून पाहिल्यावर एतेल्काची कुरकुर थांबली. गुडघ्याच्या आत जाड शिवण नव्हती, कापड ताणलं जात होतं, कुठे काचत नव्हतं.

पुढच्या धड्याला रेकाचा म्हातारा घोडा शांतपणे रिंगणात फिरत होता. एतेल्काची पाठ ताठ झाली होती, चेहरा फुलला होता. तेवढ्यात कुंपणाखालून एक फेझंट पक्षी फडफडत उडाला. घोडा बाजूला उडाला आणि एतेल्का धाडकन वाळूत. पाय रिकिबीतून आपसूक सुटला होता, पण हेल्मेट कुंपणाच्या खांबावर आपटलं.

कुंपणापाशी बघत उभी असलेली बोर्बाला किंचाळत आत धावली. "मेलीस का गं?"

"नाही वन्सं. वाळू गेली तोंडात."

रेकाने तिला तपासलं, पाणी दिलं. "हे हेल्मेट आता बाद. एकदा आपटलं की भरवसा नाही. माझं घाला. बसायचं का पुन्हा?"

एतेल्काने अंगावरची वाळू झटकली. मग ती चढली आणि दोन फेऱ्या मारून मगच उतरली. सिक्रावर इतक्यात बसायचं नाही, असं रेकाने बजावलं. तोवर घोडीला रेका स्वतः फिरवणार होती. एतेल्काने मान डोलावली.

घरी आल्यावर मात्र तिला खुर्चीवर टेकता येईना.

"माकडहाड दुखतंय का?" बोर्बालाने विचारलं.

"नाही हो. आतून सोलवटलंय." एतेल्का लाल झाली. "विजार नवी, म्हणून म्हटलं आतही जरा चांगलं घालावं. लेसचं घातलं होतं."

बोर्बाला टेबल धरून हसत सुटली. डोळे पुसत ती मलम शोधायला उठली. "रेकाने सगळं सांगितलं, हे सांगायचं राहिलं! माझ्या कपाटात साध्या सुती चड्ड्या आहेत, बिनशिवणीच्या. उद्या देते."

"तुमच्या मला कशा होतील?"

"सैल होतील. नाडी घाल."

"वन्सं, तुम्ही का नाही शिकत?"

"मी?" बोर्बालाने मलमाची डबी तिच्यापुढे सरकवली. "माझ्या मापाची विजार शिवायची तर त्या दुकानाला कापड कमी पडेल. लाव ते मलम, आणि पोटावर झोप."