अंडं कुणी फोडायचं

मुनिरानं कढईवरचं झाकण ओट्यावर असं आदळलं की आतल्या वाट्या खणखणल्या. केक छान फुगले होते, वर तांबूस रंग आला होता, तरी तिचा राग उतरत नव्हता. तापलेल्या मिठाच्या थरावरून एकेक वाटी तिनं सांडशीनं उचलली आणि ताटात मांडली.

राग शाळेच्या ग्रुपवरच्या मेसेजचा होता. मुलांच्या डब्यात अंड्याचे पदार्थ देऊ नयेत, असं बाईंनी सगळ्या पालकांना लिहिलं होतं. सगळ्यांना म्हणजे कुणाला, हे शेंबडं पोरही सांगेल. वर्गात अंड्याचा केक नेणारा एकटा तिचा अरमान, आणि त्याच्या डब्यात रोज हात घालणारा सोमू. सोमूचं घर माळकरी.

मुनिरा भांडायला गेली नाही. तिनं अंडं बंद केलं. मग पहिले केक गोवऱ्यांसारखे बसले, दुसऱ्या खेपेचा भुगा झाला. अरमान सकाळी दुसरं काही तोंडात घालत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. शेवटी नवऱ्याच्या, मैनुद्दीनच्या हातगाड्यावर उरलेली काळी केळी, डाळीचं पीठ, शेंगदाण्याचा कूट आणि दही घालून केक जमले. पण आपल्या पोरानं काय खावं हे दुसऱ्याच्या घरानं ठरवावं, हे तिला अजून पचलेलं नव्हतं.

आणि आज सोमूची आई, योगिता, तिच्या दारात उभी होती. हातात कागदात गुंडाळलेला, अरमानच्या डब्यातला अर्धा केक. बसा म्हणायच्या आतच तिनं विचारलं,

"भाबी, ह्याच्यात अंडं हाय का?"

मुनिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"न्हाई. नावालाबी न्हाई. शपथ घेऊ का आता?"

योगिताचा चेहरा पडला. ती मटकन उंबऱ्यावर बसली.

"मला वाटलं, असंल."

मग ती हळू आवाजात सांगू लागली. सोमूचं वजन वाढत नाही. डॉक्टर म्हणतात अंडं द्या, सासूबाई म्हणतात घरात अंडं आलं तर मी अन्न सोडीन. पोरगं घरी घासाला शिवत नाही, अरमानचा डबा तेवढा खातं. बाईंकडे तक्रार सासूबाईंनीच केली होती. फोन योगितानं लावून दिला होता, आणि मुनिराभाबी ऐकणार नाहीत अशी मनातून आशा धरली होती.

"तुमी घालत जावा, भाबी. मी काई इचारलंच न्हाई, असं समजा."

मघाचा राग यापुढे काहीच नव्हता.

"आन उद्या तुमच्या सासूला कळलं तर? मुनिरानं पोरगं बाटवलं म्हनतील. तवा तुमी काय सांगनार?"

उद्या ही सगळं आपल्यावरच ढकलणार, हे मुनिरानं ओळखलं.

हिला हाकलून द्यावी, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण सोमूचे काडीसारखे हात तिनं रोज शाळेच्या फाटकाशी पाहिले होते. ते पोरगं आपल्याच हातचं खाऊन तगतंय, हे कळल्यावर योगिताला हाकलताही येईना, आणि त्यामुळे मुनिरा आणखीच चिडली. फणकाऱ्यानं तिनं केकच्या उरलेल्या पिठाचं पातेलं योगितापुढं आणून ठेवलं आणि तिच्या हातात एक अंडं दिलं.

"फोडा."

"मी?"

"पोरगं तुमचं हाय. फोडायचं तुमी. पुढचं मी करते."

योगितानं अंडं निखारा धरावा तसं धरलं. समोरच्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायका इकडंच बघत होत्या. ती उठली आणि दार लोटायला गेली.

"दार उघडंच राहू द्या," मुनिरा म्हणाली.

योगिता दाराशी थांबली. मग परत येऊन पातेल्याजवळ बसली आणि तिनं अंडं काठावर आपटलं, पण इतकं हळू की त्याला साधा तडाही गेला नाही.

"जोरात," मुनिरा म्हणाली.