विषय बदलून मिळणार नाही

लीओना स्टकलेस चॉकलेटचा डबा घेऊन आली तेव्हाच मी ओळखलं, ही काहीतरी न्यायला आलीय. द्यायला येणारं माणूस आमच्या बंदरावर मागच्या दाराने, न ठोठावता आत येतं. हिने पुढचं दार ठोठावलं. ते आम्ही पाद्री आणि शवपेटी सोडून कुणासाठी उघडत नाही. इतकं घट्ट बसलं होतं की फीनाला खांदा लावावा लागला.

फीना, म्हणजे ट्रायफेना, माझी नात; मला नॅन म्हणते. शहरात विद्यापीठात शिकते, पदवीच्या तिसऱ्या वर्षाला. उन्हाळाभर तिला एका गोष्टीचा शोध घ्यायचा होता: खेकड्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायकांचा श्वास का कोंडतो. उकळत्या खेकड्यांची वाफ छातीत जाते, वर्षं सरतात आणि मग एक दिवस बाई जिन्यातच बसते. मी बसते. म्हणून तर मला कारखान्यातून घरी धाडलं. श्वासाचा पंप माझ्या एप्रनच्या खिशात असतो.

पण पदवी न झालेल्या पोरीला संशोधनाचा पगार कोण देतो? तिच्या प्राध्यापकबाई म्हणाल्या, यंत्रं आम्ही देतो, अर्धा पगारही देतो, उरलेला अर्धा तू बाहेरून आण. पोरीने हिवाळाभर अर्ज केले. कोणी म्हणालं आधी पदवी घे, कोणी उत्तरच दिलं नाही. होकार आला तो एकच, स्टकलेस निधीचा. कारखानाही स्टकलेसांचाच. लीओना त्यांची सून.

"तुझा अर्ज फार आवडला बघ आम्हाला," लीओना खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाली. "फक्त विषय जरासा वळवू या. श्वासाऐवजी खेकड्याची कवचं घे. कवचांचं खत होतं, औषधं होतात. पैसे तेवढेच मिळतील."

"कवचांना दम लागतो का गं?" मी विचारलं.

"ड्रूसिलाकाकू, तुम्ही अजून तशाच!"

"तशी कुठली? तेव्हा मला श्वास यायचा."

फीनाने टेबलाखालून माझा पाय दाबला. "मला थोडा वेळ द्या," ती लीओनाला म्हणाली. पाहुणीबाई चहा अर्धा टाकून गेल्या. डबा मी उघडला नाही.

"नॅन, जरा तोंड आवरायचं ना!" दार लागताच फीना उसळली.

"आवरलंच होतं. आणखी बरंच होतं पोटात."

"मी नाही म्हटलं तर उन्हाळाभर कुठे असेन, माहितीय? त्याच कारखान्यात, तुझ्या जागेवर. पुढच्या वर्षाची फी कुठून आणू? तू भरणारेस?"

मी किटली आपटली. "मग कर कवचं. चांगली असतात कवचं. खोकत नाहीत."

"टोमणा मारतेस?"

"मग काय आरती ओवाळू?"

ती कोट न घालताच धक्क्याकडे निघून गेली. परतली तेव्हा नाक लाल झालं होतं. माझ्याकडे न बघता तिने फोन उचलला. "लीओनाबाई, ट्रायफेना व्होकी बोलतेय. विषय तोच राहील. तुमचे पैसे नकोत मला." फोन ठेवला आणि मटकन बसली. "आता गं, नॅन?"

"आता चहा पी," मी म्हटलं.

चहा संपायच्या आत शेजारची अल्फ्रेडा मागच्या दाराने हजर; फोनवरचं सगळं तिने खिडकीतून ऐकलं होतं. ती अजून कारखान्यात जाते.

"ड्रू, फीनासाठी गावच्या हॉलमध्ये जेवण ठेवू. थंड ताटं करू, तिकिटं विकू. लोक देतील गं."

"तसली जेवणं कॅन्सर झालेल्यांसाठी असतात. माझं छप्पर उडालं तेव्हाही मी ठेवू दिलं नव्हतं. माझी नात आजारी नाही."

"ती नाहीच," अल्फ्रेडा म्हणाली. "आपण आहोत." आणि बोलता बोलता खोकली, ती खोकतच राहिली. मी तिला माझा पंप दिला.

त्या खोकल्याने माझं डोकं ताळ्यावर आलं. जेवण ठेवलं, पण माझ्या अटीवर. दान कुणी द्यायचं नाही. फीनाला कामावर ठेवायचं. पगार आपण देणार, काम ती आपलं करणार, आणि थंडी पडली की याच हॉलमध्ये उभी राहून आपल्याला कळेल अशा भाषेत हिशेब देणार, आपल्या छातीत काय शिरतं त्याचा.

कारखान्यातल्या बायका पाळीवरून थेट आल्या, केसांवर जाळी तशीच. ताटात हॅम, टर्की, बटाट्याचं सॅलड: बिटाचं गुलाबी आणि मोहरीचं पिवळं. ताटं संपत आली तशी उरलेल्या अर्ध्या पगाराची सोय झाली. फीना उठली. "मी तुम्हा सगळ्यांची फार आभा—"

मी पळी आपटली. "खाली बस! पगारावर ठेवलेल्या माणसाने आभार कसले मानायचे? कामाला लाग."

बायका हसल्या, आणि मध्येच साऱ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात लीओना उभी होती. "एक ताट मिळेल का, काकू?"

"मिळेल की. पैसे तिकिटांच्या डब्यात टाक. गुलाबी बटाटे आवडत नसतील तर पिवळे देते. विषय मात्र बदलून मिळणार नाही."

तिने पैसे टाकले. ताट हातात धरून उभी राहिली. तिला बसायला कुणी सरकेना.

फीनाने पिशवीतून प्राध्यापकबाईंचं श्वास मोजायचं छोटं यंत्र काढलं, त्याला पुठ्ठ्याची नळी लावली आणि माझ्यासमोर धरली. "पहिलं नाव तुझं, नॅन. छाती भरून श्वास घे आणि जोरात फुंक."

छाती भरत नाही माझी, हे साऱ्या हॉलला ठाऊक आहे. जेवढा मिळाला तेवढा श्वास घेतला, खुर्ची लीओनाकडे वळवली आणि फुंकलं.