थाळीला येणारी मगर

कन्हान नदीच्या डोहावर अर्धं खापरखेडा गाव लोटलं होतं. घाटाच्या पायरीवर उभा राहून धुनीबाबा पितळी थाळी बडवत होता. "ये वं मगरमाय! लेकरं बलावून राहिले!" आणि खरंच, पाणी दुभंगून दोन डोळे वर आले. बाबानं झोळीतून 'प्रसाद' फेकला. जबडा उघडला, मिटला. बायांनी हात जोडले. त्यांत मीही होते, नागपुरात बी.एस्सी. केलेली.

मगर वर्षाकाठी एखादी बकरी, एखादं कुत्रं न्यायची. म्हणून कवडू गुराख्यानं पाणवठ्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. जनावरं त्याच्या आतच पाणी प्यायची. बाबा म्हणाला, "माय अन् लेकरात काटे काहून गा? काढ ते! माहा ताईत बांध. ताईत पाहून माय तोंड फिरवते."

कवडूला पटेना. तो माझ्या दारात आला. "बाई, तुमी शिकलेल्या. काढू का कुंपन?"

माझी कुंदा चार वर्षांची, सारखी पाण्याकडे धावणारी. माझा जीव थाऱ्यावर नसायचा. बाबा आल्यापासून महिनाभर एकही जनावर गेलं नव्हतं. मी म्हटलं, "काढा." आमच्या भुऱ्या कुत्र्याच्या गळ्यात ताईतही बांधला. बाईनं बांधला म्हटल्यावर साऱ्या गावानं बांधले.

एका सकाळी नळ गेला. शेजारच्या यमुताईंबरोबर मी डोहावर भांडी घासायला गेले. कुंदानं थाळी आणि चमचा उचलला. "ये वं मगलमाय!"

"पाह्य वं, लहाना बाबा!" यमुताई हसल्या.

पाणी दुभंगलं. मी कुंदाला दंडाला धरून मागे ओढलं. भुऱ्या भुंकत पुढे झाला. मगरीनं त्याला पाण्यात ओढलं, तेव्हा ताईत त्याच्या गळ्यातच होता.

"श्रद्धा कमी पडली, बाई," बाबा म्हणाला. माझी मान खाली गेली. कुंदा मात्र हुंदके देत विचारत होती, "आई, मी थाळी वाजवली म्हणून आली का ती?"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी म्हटलं, "बाबा, आज थाळी नको. नुसता मंत्र म्हणा."

घसा बसेपर्यंत ओरडला तो. पाणी हललं नाही. "माय रुसली!"

मी उंच खडकावर चढले आणि एक शब्द न बोलता थाळी बडवली. डोळे वर आले.

कवडूनं झोळी हिसकून उलटी केली. कोंबड्यांची आतडी पडली. "हा परसाद काय गा?"

"अन् माय रुसली होती म्हने!" यमुताई कडाडल्या.

रोज थाळी, मागोमाग खाणं. मगर आवाज ओळखायला शिकली होती. पोट भरलेलं, म्हणून बकऱ्या वाचल्या. आणि एरवी माणसाला बुजणारी मगर आता भांडं वाजलं की काठाशी येऊ लागली होती.

बाबा मिळेल त्या एस.टी.नं पळाला. आम्ही पुन्हा कुंपण घातलं. काटे ओढताना माझे हात फाटले. मला कुणी बोल लावला नाही. कवडू एवढंच म्हणाला, "जाऊ द्या, बाई." ते जास्त लागलं.

चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी थाळी बाजूला ठेवायला सांगा, झोळी बघा, मग काय उरतं ते पाहा. मगरीला खायला टाकू नका. जनावरांना कुंपणाच्या आत पाणी पाजा, पोराचा हात सोडू नका. याला बी.एस्सी. लागत नाही. मला हे सगळं कळत होतं. तरी भुऱ्याच्या गळ्यात ताईत बांधताना, गाठ पक्की बसली का, म्हणून मी ती दोनदा ओढून पाहिली होती.