चुंबकावरचा माईक

वायरलेसचा माईक गाडीत कसा बसवायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. ते शिकण्यासाठी मात्र मला अब्रू गमवावी लागली, तीही एकदम बारा गाड्यांसमोर.

मी जेम्स, श्रीरामपूरचा. गाड्यांची वायरिंग करतो. हे काम मला इब्राहिम चाचांनी शिकवलं. चाचा जवळच्या साखर कारखान्यात तीस वर्षं वायरलेस सांभाळतात. ऊसतोडीवर फिरणाऱ्या बारा जीपगाड्या त्यांच्या खोलीशी वायरलेसवरूनच बोलतात, कारण उसाच्या रानात मोबाईलला रेंज मिळाली तर मिळाली. यंदाचा हंगाम चाचांचा शेवटचा. त्यांच्या जागी कोणाला घ्यायचं, हे साहेबांनी त्यांच्यावरच सोपवलं होतं. ती जागा मला हवी होती. इतकी, की सिल्व्हियाने, म्हणजे माझ्या बायकोने, चर्चमध्ये त्यासाठी प्रार्थनाही मागून ठेवली होती.

परीक्षा म्हणून चाचांनी मला एका नव्या जीपमध्ये सेट बसवायला दिला. त्यांची पद्धत सरळ होती. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला हुक, हुकाला दोन स्क्रू, आणि माईक अडकवला की खेचून बघायचं. पण एवढं तर कोणीही करेल! मला डोकं दाखवायचं होतं. चर्चच्या जळालेल्या भोंग्यातलं चुंबक माझ्याकडे पडून होतं. ते मी डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्टीला लावलं, माईकच्या पाठीला पत्रा चिकटवला आणि स्क्रूचे डबे तसेच बंद ठेवले.

मग ड्रायव्हर मच्छिंद्रला घेऊन पुणतांब्याच्या रस्त्याने निघालो. त्या रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही. तिसऱ्या खड्ड्यात माईक घसरला आणि सीट व हँडब्रेकच्या फटीत जाऊन बसला. त्याचं बोलायचं बटण त्या फटीत दाबलं गेलं. मला ते दिसलं नाही. मला दिसला तो सेटवरचा लाल दिवा.

"बघ मच्छिंद्र, दिवा कसा लागलाय! सेट जिवंत हाय."

"व्हय, लई झ्याक," मच्छिंद्र म्हणाला.

बटण दाबलेलं असलं की लाल दिवा लागतो, आपलं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं आणि दुसऱ्या कोणालाच बोलता येत नाही. ही गोष्ट चाचांनी मला पहिल्याच दिवशी शिकवली होती. पण मी रंगात आलो होतो.

"चाचा म्हंजे जुनी खोडं. स्क्रू मारत बसत्यात. त्यांनी शिकवलेलं विसरायला मला दोन वर्सं लागली, तवा कुठं डोकं चालाया लागलं."

अर्धा तास मी असा बोलत होतो. मध्ये एक भजनही म्हटलं. तेवढ्यात गावाजवळ मच्छिंद्रच्या मोबाईलला रेंज आली आणि तो वाजला. ऐकता ऐकता मच्छिंद्रचं तोंड उतरलं. "जेम्सभाऊ, खोलीतून फोन हाय. माईक कुठंय, इचारत्यात."

मी फटीत हात घातला. माईक हाताला लागला, बटण दाबलेलंच. बटण सुटताच सेटमधून बारा ड्रायव्हरांचं हसणं बाहेर पडलं. चाचांचा आवाज तेवढा नव्हता.

परतीच्या वाटेवर मी माईक दोन्ही हातांत धरून बसलो. बटणापासून बोटं लांब ठेवून. नोकरी गेली, हे तर कळलंच होतं. पण मला रडू येत होतं ते त्या दोन वर्षांच्या वाक्याचं. ते खोटं होतं. मला जे येतं, ते सगळं त्यांचंच आहे.

चाचा खोलीच्या दारात उभे होते. मी मान खाली घालून म्हणालो, "चाचा, माफ करा."

"आवाज स्वच्छ येत हुता," चाचा म्हणाले. "वायरिंग चांगली केलीस. भजनात मातर सूर सोडलास."

चाचांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"इसरायला दोन वर्सं लागली म्हनलास. परत शिकायला किती घेशील?"

"आज संध्याकाळपर्यंत, चाचा."

त्यांनी खिशातून आपला स्क्रू ड्रायव्हर काढून माझ्या हातात ठेवला. त्याची मूठ तीस वर्षांत त्यांच्या अंगठ्याने झिजली होती.

"मंग धर. उद्यापास्नं हा तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. मी साहेबांना तुझंच नाव सांगितलंय. ज्याची फजिती बारा गाड्यांनी ऐकली, तो हुक ढिला सोडायचा न्हाई."